होळी ते आखाजी : अंगणातली बाग, झोका आणि नदीकाठ (खान्देश)

तापीकाठ

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मोकळ्यावर रमायचे दिवस म्हणजे फाल्गुन पौर्णिमा ते वैशाख शुद्ध तृतीया (अक्षय्य तृतीया, आपली आखाजी), जेमतेम सात आठवडे. पुढे पारा ४४ च्या वर गेला की सकाळी नऊलाच खिडक्या लावून घ्याव्या लागतात. या दिवसांत बागेत, पाण्याजवळ, झाडाखाली काय आणि कसं करायचं, यासाठी हा धागा. 'टोपी घाला, भरपूर पाणी प्या' हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते नको. किती, कधी, कशाने आणि काय बिघडतं, तेवढं लिहा.

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण एप्रिलमध्ये फिरायला निघणाऱ्यांची फसगत ठिकाण निवडतानाच होते. पाटणादेवीचं केदारकुंड आणि मनुदेवीचा धबधबा ही पावसाळ्यातली ठिकाणं. चैत्रात तिथे कोरडा कातळ असतो. पाटणादेवीला झाडी चांगली आहे, तेव्हा सावलीसाठी जा, पाण्याच्या आशेने नको. गिरणा, पांझरा, बोरी या नद्या धरणातून पाणी सोडलेलं असेल तेवढेच दिवस वाहतात, एरवी डबकी.

पाण्याचा भरवसा धरायचा तर तापीवरच्या बॅरेजेसचा फुगवटा, म्हणजे दारांच्या बंधाऱ्यांमागे साचलेलं पाणी (प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे), हतनूरचा जलाशय किंवा तोरणमाळचा यशवंत तलाव. चांगदेवचा तापी-पूर्णा संगम हतनूरच्या फुगवट्यात येतो. तिथे पाणी उतरत जातं तसा काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून सुकून तडकलेला दिसतो, आत गुडघाभर ओला असतो. घाट सोडून पाण्यापर्यंत चालत जाऊ नका.

तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, त्यामुळे खाली शहाद्याला जे तापमान असेल त्याहून साधारण ५-६ अंश कमी धरायचं. म्हणजे शहाद्यात ४२ असेल तर वर दुपारी ३६. दुपार तिथेही कडकच. मजा संध्याकाळपासून सकाळपर्यंत, म्हणून मुक्काम केला तरच जाण्यात अर्थ.

एप्रिलच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या आतबाहेर उगवतो आणि पावणेसातनंतर मावळतो. नदीकाठासाठी सकाळी सहा ते साडेआठ ही वेळ घ्या. संध्याकाळी वाळू आणि काळा कातळ आठ वाजेपर्यंत उष्णता सोडत असतात, त्यामुळे ऊन गेलं तरी काठावर गारवा नसतो.

पाटकरी

आवर्तनाचं लिहायला हवं. उन्हाळ्यात पिण्यासाठी आणि उभ्या पिकांसाठी गिरणा धरणातून नदीत पाणी सोडतात. धरण नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्यात, म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या खालच्या गावांपर्यंत पाणी यायला दिवस लागतात. कोरडं पात्र तीन-चार दिवस वाट बघून अचानक वाहू लागतं. सुरुवातीला पसरट, घोट्याएवढं पाणी पुढे सरकत येतं, तेव्हा ते निरुपद्रवी वाटतं. धोका त्याच्या जोरात नसून खड्ड्यांत आहे. वाळू उपसलेल्या जागी दहा-पंधरा फुटांचे खड्डे असतात, ते गढूळ पाण्याने भरले की वरून सगळं सपाट दिसतं. पोहायला येत असलं तरी खड्ड्याची कड पायाखाली ढासळते आणि वर यायला आधार राहत नाही. म्हणून आवर्तन सुटल्यावर पात्रात उतरायचं असेल तर ज्या पट्ट्यातून बैलगाड्या किंवा ट्रॅक्टर पलीकडे जातात तिथेच. आवर्तनाची तारीख तहसील कार्यालय किंवा ग्रामपंचायतीत आधी कळते.

कालव्यात कोणी उतरू नये. गिरणेवरच्या जामदा बंधाऱ्याचे कालवे असोत की हतनूरचा, अस्तरीकरण केलेल्या उतारावर शेवाळ धरतं आणि उतरलेला माणूस परत चढू शकत नाही. पुढे सायफन (पाणी खालून नेणारा बोगदा) किंवा गेट असेल तर पाणी ओढून नेतं.

धुळेकरांनी साक्रीच्या बाजूला पांझरेवरचे फडाचे बंधारे बघायला जावं. दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या आणि चारीखालचे फड, म्हणजे शेतांचे गट. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि दरवर्षी फडाफडांत पिकाची पाळी बदलते. कित्येक शतकं हे पंपाविना, नुसत्या उतारावर चाललं. पाटात पाणी असेल तर पाटाच्या बांधावरची आंबा-जांभळाची सावली ही धुळ्याच्या आसपासची चैत्रातली सर्वांत थंड जागा म्हणता येईल. बांधावरून चालताना चारीचं तोंड, म्हणजे माती-पाल्याचा बोळा, पायाने उसकटू नका. तो फुटला की ज्याची पाण्याची बारी आहे त्याचं पाणी भलत्याच्या वावरात जातं.

गच्चीबाग

गच्चीवरच्या कुंड्यांबद्दल. आपल्याकडे कुंडीतलं झाड उन्हाने मरतं त्यापेक्षा जास्त वेळा तापलेल्या स्लॅबने आणि गरम पाण्याने मरतं.

रबरी नळी उन्हात पडलेली असते. नळ सोडल्यावर पहिलं बादलीभर पाणी हात भाजेल इतकं गरम येतं. ते बादलीत काढून बाजूला ठेवा, गार झाल्यावर वापरा. गच्चीवरची काळी टाकी असेल तर संध्याकाळचं पाणी रात्री नऊपर्यंत कोमटच असतं, म्हणून पाणी सकाळी सातच्या आत. बारा इंची कुंडीला मार्चमध्ये रोज दीड लिटर पुरतं, एप्रिलमध्ये अडीच-तीन लिटर, तेही सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतर असं दोन वेळांत विभागून.

कुंडी थेट स्लॅबवर नको. दोन विटांवर ठेवली की खालून हवा खेळते. काळी नर्सरीची पिशवी किंवा प्लॅस्टिकची कुंडी असेल तर बाहेरून बारदान गुंडाळा आणि ते सकाळी ओलं करा. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, मोठ्या पश्चिमेला, लहान त्यांच्या सावलीत.

हिरवी जाळी ५० टक्के सावलीची पुरे. ७५ टक्क्यांची लावली की पालेभाजी तरारते पण मोगरा, जास्वंद फुलायचं थांबतात. जाळी झाडांच्या शेंड्यापासून दोन-अडीच फूट वर हवी, नाहीतर खाली गरम हवा कोंडते. ती नेहमी सोडगाठीने बांधा. एप्रिलमध्ये अवकाळी वादळ येतं तेव्हा एका झटक्यात सोडवता आली पाहिजे. पक्की बांधलेली जाळी बांबूसकट उडून शेजारच्या सोलरवर जाते.

वेलभाज्यांसाठी एक. गिलक्याची फुलं पहाटे उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. कडक उन्हात नर फुलं जास्त येतात आणि मधमाशा कमी फिरतात, म्हणून हाताने परागीकरण करायचं तर गिलक्याचं सकाळी आठच्या आत आणि दोडक्याचं सूर्यास्ताच्या सुमाराला. सकाळी सगळ्या वेलांवर एकदम ब्रश फिरवणाऱ्यांचा दोडका म्हणूनच लागत नाही. टोमॅटोचा नाद सोडा, ३५ अंशांपुढे फुलं गळतातच.

नवखा_माळी

मोगऱ्याची पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. नर्सरीवाल्याने युरिया सांगितला. द्यावा का? बोअरचं पाणी आहे.

काळी_माती

युरिया नको. नत्र कमी असेल तर आधी जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी पिवळी होतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. आपली जमीन चुनखडीची, बोअरचं पाणी जड, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकलं तर तेही चुन्यात अडकून बसतं. फवारणी करा: एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. द्रावण त्याच दिवशी वापरा. तांबूस झालं की निरुपयोगी. मातीतूनच द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल असं बांधलेलं) घ्या. ईडीटीए स्वस्त मिळतं, पण चुनखडीत टिकत नाही.

पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि खालून जाळी दिसत असेल तर तो लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, एक दिवसाआड, आठवडाभर. पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण ३५ अंशांवर फवारलं तर पानं करपतात. म्हणजे मार्चच्या मध्यानंतर ते बंदच.

जमिनीतल्या मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर झाली असेल तर आता फक्त पाणी आणि फुलं तोडणं. कळ्या संध्याकाळी पाच-सहाला टपोऱ्या, पांढऱ्या होतात तेव्हाच काढा. उमललेलं फूल सकाळपर्यंत झाडावर राहिलं तर नव्या कळ्या उशिरा येतात.

काळ्या जमिनीत एक गोष्ट लोक विसरतात. भेगा पडलेल्या आळ्यात पाणी ओतलं तर ते भेगेतून सरळ खाली जातं आणि मुळाजवळची माती कोरडीच राहते. आधी खुरप्याने दोन इंच माती हलवून भेगा बुजवा, मग पाणी, मग आच्छादन. आच्छादनाला गव्हाचा भुसा, कडब्याची कुट्टी, रावेर-यावलकडे केळीची वाळकी पानं, जे मिळेल ते तीन इंच जाड. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. कोरड्या आच्छादनाला वाळवी लागते, त्यासाठी खाली मूठभर निंबोळी पेंड पसरून मग भुसा टाका. भुसा पहिल्यांदा भिजवून टाकला नाही तर चैत्रातल्या वावटळीत सगळा अंगणभर.

आणि मडकं. आखाजीच्या आधी बाजारात घागरी, माठ, गाडगी भरपूर येतात, तेव्हाच पाच लिटरची चार-पाच घेऊन ठेवा. रंगवलेलं किंवा चकाकी दिलेलं नको. परीक्षा सोपी आहे: रात्री भरून ठेवा, सकाळी बाहेरून ओलं लागलं तर चांगलं. नुसतं कोरडं राहत असेल तर परत करा, ते झिरपणारच नाही. झाडापासून एक-दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरा, तोंड जमिनीच्या वर एक इंच, वर झाकणी (डास आणि पाली, दोन्हींसाठी). तीन-चार दिवसांनी भरायचं. जड पाण्याने एका उन्हाळ्यात छिद्रं बुजतात. काढून काथ्याने घासा, व्हिनेगरच्या पातळ पाण्यात रात्रभर भिजवा. तरी झिरपत नसेल तर पक्ष्यांना ठेवा.

अहिरानी_गडी

काय भो, आखाजीना झोका बठ्ठा इसरी ग्यात का? बांधायचं कोणी सांगा, दरवर्षी कुठे ना कुठे फांदी मोडतेच.

निंबाची_सावली

फांदी मोडते याचं कारण लोक वजन मोजतात, झोक्याचा ओढा मोजत नाहीत. साठ किलोचा माणूस स्वस्थ बसला तर दोरांवर ६० किलो. झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत चढवला तर खालून जाताना तोच ओढा दुप्पट होतो, १२० किलो. आडव्यापर्यंत नेला तर तिप्पट. दोघींनी उभ्याने जोडझोका घेतला तर ३६० किलोंपर्यंत. तोही एकसारखा नाही, दर हेलकाव्याला झटका.

म्हणून झाड आधी. निंब आणि चिंच उत्तम. शेवगा, गुलमोहर, सुबाभूळ, पांगारा, सावर यांना झोका बांधूच नये. ही लाकडं न वाकता, न सांगता तुटतात. वडाची पारंबी दोर म्हणून वापरायची तर मुळीच नाही. निंबाची फांदी जिथे दोर बसणार तिथे आठ इंच व्यासाची, शक्यतो आडवी, आणि खोडापासून तीन-चार फुटांच्या आत. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे खाचेत साल आत दबलेली दिसली तर ती सोडा, तो जोड वरवरचा असतो. लाकडी मोगरीने ठोकून बघा, पोकळ आवाज, बुरशीचे छत्र, किड्याची भोकं, काही दिसलं तर दुसरी फांदी. शेंडा वाळलेला असेल तर बुंध्यालाही शंका.

दोर काथ्याचा किंवा सुती, अंगठ्यापेक्षा जाड, २०-२४ मिलिमीटर. गेल्या वर्षीचाच असेल तर पीळ उलटा फिरवून आत बघा. बाहेरून धड दिसतो, आत पूड पडलेली असते. फांदीवर आधी बारदानाच्या चार घड्या, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा, मग दोर. फांदीला दोन पूर्ण वेढे, ताणलेल्या दोरावर मोकळ्या टोकाच्या दोन अडक्या (अर्ध्या गाठी), आणि उरलेलं हातभर टोक पिळात ओवून टाकायचं. दोन्ही दोर पाऊण हाताच्या वर अंतरावर, फांदीवर सरकणार नाहीत असे. जवळ बांधले तर झोका गिरकी घेतो.

पाटली सागाची किंवा बाभळीची, दोन फूट लांब, नऊ इंच रुंद, सव्वा इंच जाड. दोर पाटलीच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून खालून गेला पाहिजे. भोक पाडून गाठ मारली तर सगळा भार भोकाच्या कडेवर येतो आणि फळी तिथून चिरते. जमिनीपासून दीड फूट उंच. फांदी जेवढी उंच, तेवढी जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी हवी. भिंत, ओटा, आणि विशेषतः विजेची तार बघा.

आखाजी झाली की दोर सोडा. पावसाळाभर ठेवला तर साल दबते, फांदी वरून वाळायला लागते आणि पुढच्या वर्षी तीच मोडते.

भुसावळ_जंक्शन

नायलॉनचा दोर कितीतरी जास्त ताकदीचा असतो, काथ्या कशाला?

निंबाची_सावली

ताकद खरी आहे, पण झोक्याला अडचण तिथे नाही. नायलॉन ताणतो, त्यामुळे दोन्ही बाजू वेगवेगळ्या उतरून पाटली तिरकी होते. घामेजल्या हातातून निसटतो, आणि फांदीवर घासला की तापून साल कापतो. उन्हात वर्षभर पडलेला नायलॉन वरून पांढरट, खरखरीत होतो, त्याची ताकद तेव्हाच गेलेली असते. वापरायचाच असेल तर १६ मिलिमीटरच्या खाली नको, हात धरायच्या जागी सुती कापड गुंडाळा, आणि पहिल्या दिवशी भार देऊन ताणला की गाठी पुन्हा बांधा.

टिटवी

नदीकाठी जाणाऱ्यांना एक विनंती. मार्च ते मे हे वाळूवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचे दिवस. टिटवी, नदीसुरय, आर्ली यांची अंडी वाळूच्या आणि गोट्यांच्या रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, किंवा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे जायला लागला, की आल्या पावली मागे फिरा. ऊन चढल्यावर पक्षी अंड्यांवर उष्णता अडवायला बसतो. त्याला पंधरा-वीस मिनिटं उठवून ठेवलं तर अंडी शिजतात. पाण्यातल्या वाळूच्या बेटांवर तर जाऊच नये.

तापीचे गाळाचे उभे काठ वेड्या राघूंच्या बिळांनी भरलेले असतात. बघण्यासारखं असतं, पण समोरच्या काठावरून बघा. त्या दरडींच्या खाली सावलीला बसू नये आणि वर कडेलाही नको. कोरडा गाळ इशारा न देता कोसळतो.

अंगणातल्या पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं, दीड-दोन इंच खोल, मध्ये एक खडबडीत दगड. सावलीत ठेवा, पण झुडपापासून सहा फूट दूर, मांजर दबा धरते. पाणी रोज बदला आणि भांडं काथ्याने घासा, नुसती भर घालत राहिलात तर आठवड्यात डासांच्या अळ्या.

सातपुडा_वाट

यावल, पाल, अनेरकडे जाणाऱ्यांसाठी. यावल आणि अनेर दोन्ही अभयारण्यं आहेत, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत. पळस मार्चमध्ये संपत येतो, मग महू, म्हणजे मोह. मोहाची फुलं पहाटे पडतात आणि उजाडता उजाडता वेचली जातात. झाडं ठरलेल्या घरांची असतात, तेव्हा खाली पडलेली दिसली म्हणून पिशवी भरू नका. अस्वलही त्याच वेळेला त्याच झाडाखाली येतं. पहाटे मोहाखाली एकट्याने, गुपचूप जाणं हा सगळ्यात वाईट बेत. दोघं-तिघं मिळून बोलत चाला.

आग अजिबात नाही. पानगळ गुडघाभर साचलेली असते आणि दुपारी वारा सुटतो. राखीव जंगलात आग पेटवणं किंवा पेटती ठेवणं हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. गॅसची छोटी शेगडीसुद्धा नको. डबा घरून न्या: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा, कैरी. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही टिकते. ओली भाजी दुपारपर्यंत आंबते.

वरणबट्टी

जंगलात नाही, पण वावरात तर बट्ट्या (विस्तवावर भाजलेले गव्हाच्या पिठाचे गोळे) होऊ द्या! फक्त गहू काढलेल्या वावरात नको, कापलेली बुडखे वाऱ्याने पेटत जातात. नांगरलेलं रान घ्या. एक फूट खोल, दोन फूट रुंद खड्डा, काढलेली माती वाऱ्याच्या बाजूला बांधासारखी रचायची, भोवती दहा फूट काडीकचरा झाडून काढायचा. गोवऱ्या पेटवून ज्वाळा पूर्ण बसू द्या, धग राहिली की बट्ट्या. ज्वाळेवर टाकल्या तर वरून काळ्या, आत कच्च्या. काम संध्याकाळी पाचनंतर, वारा पडल्यावर.

विझवताना नुसती माती लोटू नका, गोवरीचा विस्तव मातीखाली सकाळपर्यंत जिवंत राहतो. दोन बादल्या पाणी, काठीने ढवळणं, पुन्हा पाणी, आणि हाताच्या मागच्या बाजूने वरून ऊब तपासून मगच निघायचं.

नवखा_माळी

लोह सल्ल्याबद्दल काळी_मातीताईंचे आभार. अजून एक: गच्चीवरच्या टाकीवरून अंगणात ठिबक लावलं, पण जवळच्या झाडांना पाणी येतं, लांबच्यांना येत नाही. मोटर लावावी लागेल?

काळी_माती

मोटर नको, आधी ड्रिपर कोणते आहेत ते बघा. टाकीच्या पाण्याची पातळी ड्रिपरपासून जितके मीटर उंच, तितके ०.१ बार दाब. एक मजली घरावर चार मीटर उंची म्हणजे ०.४ बार. दाब सारखा राखणारे, आत रबरी पडदा असलेले ड्रिपर बहुधा अर्धा ते एक बार दाब असल्याशिवाय नीट चालत नाहीत. ते काढून साधे ४ लिटरचे उघडता येणारे ड्रिपर लावा. टाकीपासून १६ मिलिमीटरची मुख्य नळी, फांद्या १२ मिलिमीटरच्या, आणि एका फांदीवर पंधरापेक्षा जास्त ड्रिपर नकोत. टाकीखाली जाळीचा फिल्टर असलाच पाहिजे, तो चोंदला असेल तरी नेमकं असंच होतं, म्हणून सगळ्यात आधी तोच उघडून धुवा. या दाबावर ४ लिटरचा ड्रिपर तासाला अडीच लिटरच्या आसपास देईल. खाली वाटी ठेवून अर्ध्या तासात किती भरते ते मोजा आणि त्यावरून वेळ ठरवा. नळीच्या शेवटच्या टोकाची घडी आठवड्याला सोडून मिनिटभर पाणी वाहू द्या. बोअरच्या पाण्याचा चुना तिथेच साठतो.

आणि ताई नाही, दादा.